रेट्रो गेम्सचा संग्रह विकायचाय? मग हा क्रम मोडू नका

जुन्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह विकायला काढणाऱ्यांचं नुकसान भाव ठरवताना क्वचितच होतं. बहुतेकदा ते त्याआधीच होऊन गेलेलं असतं. कुणी लेबलवर चुकीचं द्रावण फिरवतं, कुणी कन्सोलला भलताच ॲडॅप्टर जोडतं, तर कुणी संग्रहातले सगळ्यात चांगले चार गेम विचारणाऱ्या पहिल्याच माणसाला देऊन मोकळं होतं. जुना माल घेणारा गेमइतकीच खात्रीही विकत घेत असतो. वस्तू अस्सल आहे, चालते आहे आणि फोटोत दिसते तशीच हातात पडणार आहे, एवढं पटलं की घासाघीस आपोआप कमी होते. खालचे टप्पे ती खात्री उभी करण्यासाठीच आहेत. पहिले सहा टप्पे संपेपर्यंत एकही जाहिरात टाकू नका आणि एकालाही भाव सांगू नका.

टप्पा १: ठेवायचं काय, ते आधी ठरवा

तीन ढीग करा: नक्की विकायचं, नक्की ठेवायचं आणि मन होत नाही ते. तिसरा ढीग खोक्यात भरून बाजूला ठेवा आणि बाकीचं सगळं विकून होईपर्यंत उघडू नका. जाहिरात टाकल्यावर मन बदललं की घेणाऱ्याशी वाद होतो, आणि संग्राहकांच्या जगात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

मग सेव्हचा, म्हणजे गेममध्ये साठवून ठेवलेल्या प्रगतीचा प्रश्न. जुन्या गेम बॉयच्या आणि सुपर निन्टेन्डोच्या अनेक कार्ट्रिजमध्ये (कन्सोलच्या खाचेत घालायच्या गेमच्या प्लास्टिक डब्यांमध्ये) सेव्ह टिकतो तो आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. ती काढली की सेव्ह गेला. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये मात्र सेव्ह बॅटरीशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतो आणि बॅटरी फक्त आतलं घड्याळ चालवते. त्यामुळे ती संपल्याचा निरोप पडद्यावर आला तरी सेव्ह शाबूत असतो. ज्यांना जुने पोकेमॉन जपायचे आहेत त्यांनी लक्षात ठेवा, ॲडव्हान्सवरून पुढच्या पिढीत नेण्याचा रस्ता निन्टेन्डो डीएसच्या कार्ट्रिजखाचेतून जातो आणि तो एकेरी आहे. कार्ट्रिज विकली की रस्ता बंद. इतर सेव्ह हवे असतील तर कार्ट्रिज-रीडरने संगणकावर उतरवून घ्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात एकूण १५ ब्लॉक असतात. त्यात काय काय आहे ते कन्सोलच्या मेनूत एकदा बघून घ्या.

तपासा: इंटरनेटला जोडली गेलेली यंत्रं, म्हणजे पीएसपी, थ्रीडीएस, वी, एक्सबॉक्स ३६० आणि तत्सम, विकण्याआधी त्यांतून खातं काढा, एसडी कार्ड काढा आणि यंत्र फॅक्टरी स्थितीला आणा. डीएसआय आणि थ्रीडीएसमध्ये कॅमेरा आहे. त्यातले घरच्या मुलाबाळांचे फोटो यंत्रासोबत परक्या हातात जायला नकोत.

टप्पा २: यादी करा, आणि ती नीट करा

स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक वस्तूला एक ओळ आणि एक क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक छोट्या चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. चिठ्ठी नुसती ठेवायची, चिकटवायची नाही. रकाने असे: गेमचं नाव, कन्सोल, प्रदेश, आवृत्ती, सोबत काय काय आहे, दोष, चाचणीचा निकाल, अपेक्षित भाव.

यातल्या तीन रकान्यांत लोक सर्रास चुकतात.

पहिला, प्रदेश. एकच गेम अमेरिकेत, युरोपात आणि जपानमध्ये वेगवेगळा निघतो, आणि त्यांचे भाव एकमेकांशी जुळत नाहीत. लेबलवरचा कोड वाचा. निन्टेन्डोच्या कोडच्या शेवटी बहुधा यूएसए, ईयूआर किंवा जेपीएन अशी अक्षरं येतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवरचा कोड एसएलयूएसने सुरू होत असेल तर ती अमेरिकन, एसएलईएस असेल तर युरोपीय, एसएलपीएस असेल तर जपानी.

दुसरा, आवृत्ती. चांगला खपलेला गेम पुढे स्वस्त मालिकेत पुन्हा छापला जायचा: प्लेस्टेशनची ग्रेटेस्ट हिट्स आणि प्लॅटिनम, निन्टेन्डोची प्लेअर्स चॉइस. अमेरिकेतल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या ग्रेटेस्ट हिट्सची कव्हरची पट्टी हिरवी असते. मूळ छपाईच्या काळ्या पट्टीच्या प्रतीला संग्राहक ‘ब्लॅक लेबल’ म्हणतात आणि साधारणपणे तिलाच जास्त पैसे मोजतात.

तिसरा, आणि सर्वांत महागात पडणारा, ‘कम्प्लीट’ हा शब्द. गेम, खोकं आणि मॅन्युअल हातात असलं म्हणजे संच पूर्ण झाला असं नाही. सुपर निन्टेन्डोवरचा अर्थबाउंड अमेरिकेत १९९५ साली आला तो मोठ्या खोक्यात, संपूर्ण गाइडबुकसह, आणि त्या गाइडमध्ये खरवडून वास घ्यायची कार्डं होती. गाइड नसेल तर तो संच अपुरा, आणि कार्डं वापरलेली असतील तर तेही सांगायला हवं. फायनल फॅन्टसी ७ च्या प्लेस्टेशन प्रतीत तीन डिस्क हव्यात. खोक्यात नकाशा, पोस्टर, नोंदणी कार्ड, आतला पुठ्ठ्याचा साचा असं काय काय येत होतं, ते जाणकारांच्या फोटोंशी ताडून पाहा आणि मगच ‘कम्प्लीट’ लिहा.

थांबा: सुट्टं मॅन्युअल, रिकामं खोकं, फाटका नकाशा यातलं काहीही फेकू नका. कुणाकडे तरी नेमकं तेवढंच कमी असतं, आणि काही गेम्सची रिकामी खोकी कार्ट्रिजपेक्षा महाग जातात.

टप्पा ३: अस्सल की नकली, हे स्वतःशी पक्कं करा

तुम्ही विश्वासाने घेतलेली वस्तूही नकली असू शकते. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन गेम्सच्या नकला तर इतक्या फिरतात की प्रत्येक कार्ट्रिज संशयित धरूनच तपासावी. अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर उजेड तिरपा पाडला की दाबून उठवलेले दोन बारीक आकडे दिसतात. खालच्या खाचेतून आत डोकावलं की पिनांच्या वर, सर्किट बोर्डाच्या कडेला निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. मागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो. साधा फुलीचा स्क्रू दिसला तर कुणीतरी तो बदललाय किंवा कवचच मूळचं नाही. नकलेचं लेबल बहुधा जास्त चकचकीत असतं आणि छपाईतले रंग थोडे फिके किंवा थोडे भडक असतात.

महागड्या कार्ट्रिज उघडून बोर्डाचा फोटो काढणं सगळ्यात खात्रीचं. एनईएस (सुपर निन्टेन्डोच्या आधीचा निन्टेन्डोचा कन्सोल), सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४ आणि जुन्या गेम बॉय कार्ट्रिजना ३.८ मिमीचं खास पान्याचं टोक लागतं, तर त्याच काळातल्या बऱ्याच कन्सोलना ४.५ मिमीचं. योग्य टोक मिळेपर्यंत थांबा. पक्कड किंवा वितळवलेल्या पेनने स्क्रू फिरवायच्या नादात कवचावर जे ओरखडे येतात, ते फोटोत लपत नाहीत.

बोर्डावर चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब दिसला तर ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजबाबत तो धोक्याचा इशारा समजा. मात्र फॅमिकॉम (एनईएसची जपानी आवृत्ती) आणि एनईएसच्या काळात काही अस्सल बोर्डांवरही असा थेंब होता, तेव्हा नुसता तो बघून निकाल देऊ नका.

डिस्कबाबतही एका खुणेवर विसंबू नये. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कची मागची बाजू काळी असते. प्लेस्टेशन २ वर काही गेम सीडीवर आले, त्यांची मागची बाजू निळी असते. ती पाहून अनेक जण अस्सल डिस्कलाच घरी रेकॉर्ड केलेली समजतात. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावरचा कोड आणि वरच्या बाजूची छपाई, दोन्ही बघा.

नकली निघालेली वस्तू वेगळी काढा. अनेक विक्री-संकेतस्थळांवर नकला विकायला बंदी आहे. जिथे चालतं तिथेही ‘रिप्रो’ (म्हणजे नव्याने बनवलेली नक्कल) हा शब्द शीर्षकातच हवा, वर्णनाच्या तळाशी नको.

थांबा: सीलबंद गेम कुठल्याही कारणाने उघडू नका. पण सील मूळचं आहे का, हे मात्र तपासा. एनईएसच्या कारखान्यातल्या प्लास्टिकला खोक्याच्या मागच्या बाजूला आडवा जोड असतो. दुकानात पुन्हा गुंडाळलेल्या प्रतीत जोड भलतीकडेच असतो. वस्तू खरंच मौल्यवान असेल आणि शंका फिटत नसेल, तर त्या एका वस्तूपुरतं त्रयस्थ संस्थेकडून ग्रेडिंग, म्हणजे अस्सलपणा तपासून स्थितीची श्रेणी, करून घ्या. सगळ्या संग्रहाचं ग्रेडिंग करून घेणं म्हणजे शुल्कात पैसे घालवणं.

टप्पा ४: सफाई, जेवढी लागते तेवढीच

सफाईचा हेतू दोनच: गेम चालावा आणि धूळ जावी. वस्तू नवीकोरी दिसावी हा हेतू ठेवलात की नुकसान सुरू झालंच.

कार्ट्रिजच्या पिनांसाठी किमान ९० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या. काडी ओलसर हवी, थेंब गळणारी नको. पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवा. पहिली काडी करडी किंवा काळी निघेल. काडी स्वच्छ निघेपर्यंत नवीनवी वापरा, मग कोरडी काडी फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. कन्सोलमध्ये त्यानंतरच घाला. तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा. श्वासातला ओलावा पिनांवर गंज चढवतो. धातूची पॉलिश आणि सँडपेपर पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामाच खरवडून काढतात. त्याने गेम त्या दिवशी चालतो आणि नंतर लवकर गंजतो.

अल्कोहोल लेबलला, छापील अक्षरांना किंवा रंगवलेल्या पृष्ठभागाला लागू देऊ नका. प्लास्टिकच्या कवचासाठी साबणाच्या कोमट पाण्यात पिळून घेतलेलं फडकं पुरतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर फक्त मऊ कोरडा ब्रश. खोक्यावर जुन्या दुकानाची किमतीची चिठ्ठी असेल तर तिला हात लावू नका. ती ओढताना छपाईचा थर सोबत येतो, आणि चिठ्ठीपेक्षा तो पांढरा डाग भावाला जास्त मारक ठरतो.

डिस्क मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलेलं बारीक चरेही गोल पाडतं, आणि माहितीच्या वाटेला समांतर गेलेला चरा वाचताना जास्त त्रास देतो. सीडीची वरची, छापील बाजू तर खालच्या बाजूहून नाजूक असते, कारण परावर्तक थर तिच्या लगेच खाली असतो. डिस्क दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर तिथला थर गेलेला आहे, आणि तो कुठल्याच पॉलिशने परत येत नाही. डिस्क मशीनवर घासून घेतलेली असेल तर तसं लिहा.

बॅटरीच्या कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर ती अल्कलाइन बॅटरीची गळती. व्हिनेगर लावलेली काडी हलकेच फिरवा, मग अल्कोहोलने पुसा. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करायचा मोह आवरा. पट्टे पडतात, पिवळेपणा बहुधा परत येतो, आणि जाणकार गिऱ्हाइकाला मूळचं पिवळं कवच चालतं पण डागाळलेलं नाही.

तपासा: २००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सच्या बहुतेक बोर्डांवर घड्याळासाठीचा कपॅसिटर गळतो आणि आसपासच्या वाहिन्या खातो. सेगाच्या गेम गिअरचे कपॅसिटरही हमखास जातात. आवाज बारीक येणं किंवा पडदा अंधूक दिसणं ही त्याची लक्षणं. सोल्डरिंगचा हात नसेल तर दुरुस्तीत पडू नका. जसं आहे तसं सांगून विका.

टप्पा ५: चाचणी

आधी ॲडॅप्टर. एवढ्या एका चुकीने चांगला कन्सोल क्षणात जळतो, म्हणून इथे घाई नको. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. फॅमिकॉमला आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हला डीसी लागतं. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला प्लगची मधली बाजू ऋण हवी, तर दुसऱ्या मॉडेलला धन. म्हणजे एकाच कन्सोलची दोन मॉडेलंही एकमेकांचा ॲडॅप्टर खपवून घेत नाहीत. जपानी ॲडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनलेला असतो. २३० व्होल्टच्या भिंतीत तो थेट घातला तर जळतो. प्लग बसला म्हणजे ॲडॅप्टर बरोबर आहे असं नव्हे. कन्सोलच्या मागचा आणि ॲडॅप्टरवरचा मजकूर शब्दशः जुळवा: व्होल्ट, अँपिअर, एसी की डीसी, आणि मधल्या पिनेचं चिन्ह. जुळवल्यावर प्रत्येक ॲडॅप्टरला त्याच्या कन्सोलचं नाव लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधा.

मग गेम. शीर्षकाचा पडदा दिसला की ‘चालतो’ लिहून पुढे जाणं ही नेहमीची चूक. जुना कन्सोल गरम झाल्यावर अडखळतो, म्हणून अर्धा तास सलग चालवा. सेव्ह करणारा गेम असेल तर सेव्ह करा, कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढून थोडा वेळ थांबा आणि पुन्हा लावून सेव्ह उघडतो का ते पाहा. बॅटरी जिवंत आहे की नाही याचा हाच खरा पुरावा.

कन्सोलचं प्रत्येक पोर्ट, कंट्रोलरचं प्रत्येक बटण, हेडफोनची खाच, दोन गेम बॉय जोडायची केबल, सगळं तपासा. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरची दांडी सोडल्यावर मधोमध परत येते का, की एका बाजूला लोळते? पहिल्या गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा गायब आहेत का? प्लेस्टेशन २ मध्ये एक निळी सीडी आणि एक डीव्हीडी, दोन्ही लावून पाहा. एक प्रकार वाचला म्हणून दुसरा वाचेलच असं नाही.

एनईएसची झॅपर बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीशिवाय चालत नाही, सपाट पडद्यावर ती प्रतिसादच देणार नाही. तसा टीव्ही नसेल तर ‘बंद आहे’ असंही लिहू नका आणि ‘चालते’ असंही नको. ‘चाचणी झालेली नाही’ एवढंच लिहा. हे तीन शब्द जिथे लागू आहेत तिथे बिनधास्त वापरा. घेणारा त्यानुसार भाव धरतो आणि नंतर भांडण होत नाही.

टप्पा ६: भाव काढा

जाहिरातीत मागितलेला भाव हा विक्रेत्याची इच्छा असते. तुम्हाला हवा तो प्रत्यक्ष विकला गेलेला भाव. ईबेवर शोध घेताना फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारी गाळणी लावा. प्राइसचार्टिंग हे संकेतस्थळ सुटा, पूर्ण संच आणि नवा असे वेगवेगळे भाव दाखवतं, त्याचा अंदाजासाठी उपयोग करा. अलीकडच्या काही विक्री पाहा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून द्या, आणि तुलना नेहमी त्याच प्रदेशाच्या, त्याच आवृत्तीच्या, तेवढ्याच पूर्ण आणि तेवढ्याच झिजलेल्या प्रतीशी करा. सुट्या कार्ट्रिजचा भाव सीलबंद प्रतीवरून काढणारे लोक आठवडेच्या आठवडे एकाही चौकशीविना बसून राहतात.

वय आणि दुर्मिळता या वेगळ्या गोष्टी आहेत. अटारी २६०० वरचा १९८२ चा ई.टी. जुना आहे, गाजलेला आहे, आणि त्याच्या सुट्या कार्ट्रिज मुबलक आहेत. सुपर मारिओ ब्रदर्स आणि डक हंट एकत्र असलेली एनईएस कार्ट्रिज घरोघरी कन्सोलसोबतच गेली. उलट निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्सच्या १९९० च्या कार्ट्रिज फक्त ९० करड्या आणि २६ सोनेरी निघाल्या. बहुतेकांच्या संग्रहात अशी काही वस्तू नसते. पण शेवटच्या काळात कमी संख्येने निघालेला, तेव्हा कुणी फारसा न घेतलेला एखादा गेम असू शकतो, आणि खरा पैसा तोच देऊन जातो. म्हणून यादीतली एकही ओळ ‘हा काय, साधाच’ म्हणून भाव न पाहता सोडू नका.

हाती काय पडेल ते असं काढा: विक्रीभावातून संकेतस्थळाचं शुल्क, पैसे घेण्याचं शुल्क, पार्सलखर्च आणि पॅकिंगचं सामान वजा करा. या हिशोबानंतर ज्या गेममधून नाममात्र रक्कम उरते, तो एकटा विकायचा नाही.

टप्पा ७: कुठे विकायचं, आणि कोणत्या क्रमाने

दुकानदार सगळं एका खेपेत उचलतो, पण त्याला पुढे नफा काढायचा असतो; त्याचा भाव निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असला तर नवल नाही. एकेक विकलं तर सर्वाधिक पैसे मिळतात आणि सर्वाधिक वेळ जातो. लिलाव-संस्थेकडे खरोखर दुर्मिळ किंवा उत्तम स्थितीतली सीलबंद वस्तूच न्यावी. समोरासमोर विकण्यात शुल्कही नाही आणि पार्सलची धास्तीही नाही. मोठे कन्सोल आणि काचेच्या नळीचे टीव्ही तर असेच विकावेत, टीव्ही पार्सलने पाठवायचा विचारच करू नका.

मला विचाराल तर मिश्र पद्धत सगळ्यात बरी. महाग गेम एकेकटे, मधले जोडीने किंवा मालिकेने, आणि स्वस्त गेम लॉटमध्ये, म्हणजे एकत्र गठ्ठ्याने.

आता क्रम. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. चौकशी करणारे आधी मलईवर डोळा ठेवून येतात. त्यांनी पाच उत्तम गेम उचलले की उरलेल्या गाळाकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि तो शेवटी मातीमोल जातो. म्हणून जाहिराती टाकण्याआधीच लॉट बांधून ठेवा. प्रत्येक लॉटमध्ये एकतरी असा गेम घाला की ज्याच्यासाठी माणूस बाकीचे नऊ घ्यायला तयार होईल. लॉट एकाच कन्सोलचा हवा. पाच कन्सोलची खिचडी कुणालाच नको असते. नंतर कुणी लॉटमधला तेवढाच गेम मागितला तर नम्रपणे नाही म्हणा, कितीही गळ घातली तरी.

कन्सोल विकताना त्यासोबत त्याचा ॲडॅप्टर, केबल, एक कंट्रोलर आणि एखादा साधा चालू गेम द्या. घरी नेल्या नेल्या सुरू होणारा संच पटकन उचलला जातो. आणि तुमचा चाचणीचा कन्सोल सगळ्यात शेवटी विका. तो आधी गेला तर उरलेल्या गेम्सवरची कुठलीच शंका तुम्हाला तपासता येणार नाही.

टप्पा ८: फोटो आणि वर्णन

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या एकरंगी कापडावर फोटो काढा. फ्लॅश नको, कारण लेबलवरची चमक ओरखडे लपवते आणि घेणाऱ्याला तो मुद्दाम केलेला प्रकार वाटतो. खोक्याच्या सहाही बाजू, कार्ट्रिजची पुढची-मागची बाजू, पिना, डिस्कची खालची बाजू तिरप्या उजेडात, मॅन्युअलची घडी आणि आतलं एक पान घ्या. महाग वस्तूच्या उघड्या बोर्डाचा फोटो द्या. दोषाचा फोटो जवळून आणि स्पष्ट हवा.

शीर्षकात गेमचं पूर्ण नाव, कन्सोल, प्रदेश आणि स्थिती. वर्णनात दोष आधी, कौतुक नंतर. ‘वयाच्या मानाने छान’ या वाक्यातून घेणाऱ्याला काहीही कळत नाही. ‘लेबलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढा भाग फाटलेला, मागे जुन्या मालकाचं नाव पेनने लिहिलेलं, सेव्ह तपासला आहे, बॅटरी बदललेली नाही’ हे वाचून त्याला वस्तू डोळ्यांसमोर दिसते. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर तेही लिहा. वास फोटोत येत नाही, पण खोकं उघडताच येतो.

तपासा: कन्सोलचा अनुक्रमांक आणि कवचावरच्या एखाद्या विशिष्ट ओरखड्याचा फोटो स्वतःकडे ठेवा, जाहिरातीत टाकू नका. तुमचा चालू कन्सोल ठेवून घेऊन स्वतःचा बंद पडलेला परत पाठवणारे लोक असतात. त्या वेळी हाच फोटो कामी येतो.

टप्पा ९: बोलणी आणि पैसे

किमान भाव प्रत्येक वस्तूसमोर आधीच लिहून ठेवा. ‘शेवटचं काय ते बोला’ असं विचारणाऱ्याला आकडा देण्याऐवजी त्याचा आकडा विचारा. एकत्र तीन-चार गोष्टी घेणाऱ्याला सूट जरूर द्या, कारण तेवढी पार्सलं वाचतात.

मागितल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून फरक परत मागणारा, संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू म्हणणारा, ‘खातरजमेसाठी’ तुमच्या फोनवर आलेला कोड विचारणारा, किंवा पैसे जमा होण्याआधी आपलाच कुरिअरवाला पाठवणारा माणूस दिसला की बोलणं तिथेच थांबवा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका.

समोरासमोर भेटायचं असेल तर दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, आणि शक्यतो सॉकेट मिळेल अशा जागी. घेणाऱ्याने वस्तू चालवून पाहिली की तक्रारीला जागा उरत नाही.

टप्पा १०: पॅकिंग

कार्ट्रिज आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, मग बबल रॅपमध्ये. चिकटपट्टी पुठ्ठ्याच्या खोक्याला किंवा लेबलला कुठेही लागता कामा नये. खोक्याभोवती रबरबँड नको. कडा दाबल्या जातात. पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांसाठी पारदर्शक संरक्षक कवच मिळतं, ते चढवा आणि मगच गुंडाळा. डिस्क केसमध्ये घट्ट बसली आहे ना ते पाहा. सैल डिस्क प्रवासात फिरून चरे पाडते.

कन्सोलमध्ये कार्ट्रिज किंवा डिस्क ठेवून पाठवू नका. कन्सोल दोन खोक्यांत जातो: आतल्या खोक्यात गुंडाळलेला, आणि आतल्या-बाहेरच्या खोक्यांमध्ये सगळ्या बाजूंनी भरणी. बंद केल्यावर खोकं कानाजवळ धरून हलवा. आतून आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. ॲडॅप्टर वेगळा गुंडाळा, नाहीतर तोच हातोडीसारखा कन्सोलवर आपटत राहतो.

थांबा: साध्या बॅटऱ्या काढून घ्या. डीएस, पीएसपी, गेम बॉय ॲडव्हान्स एसपी यांत लिथियम बॅटरी असते. तिच्या हवाई वाहतुकीला नियम आहेत आणि सुट्या बॅटरीला ते जास्त कडक आहेत. पाठवण्याआधी वाहतूक कंपनीला विचारा. फुगलेली बॅटरी, आणि पीएसपीत ती बऱ्याचदा फुगलेली सापडते, कुठल्याही पार्सलमध्ये घालायची नाही. ती ई-कचऱ्यात द्या आणि यंत्र बॅटरीशिवाय विका.

पॅकिंग करताना थोडा व्हिडिओ घ्या, अनुक्रमांक दिसेल असा. महाग पार्सलचा विमा उतरवा आणि पोचल्याची सही घेणारी सेवा निवडा. मागोवा क्रमांक घेणाऱ्याला त्याच दिवशी कळवा.

टप्पा ११: उरलेलं आणि नोंदी

प्रत्येक विक्रीची तारीख, रक्कम, शुल्क आणि पार्सलखर्च त्याच यादीत नोंदवत जा. मोठा संग्रह विकला तर कराचा प्रश्न येऊ शकतो, आणि तेव्हा वस्तू मूळ केवढ्याला घेतली होती याचाही पुरावा लागतो. जुन्या पावत्या सापडल्या तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

काही आठवडे पडून राहिलेल्या वस्तूचा भाव लगेच पाडू नका. आधी पहिला फोटो आणि शीर्षक बदला, मग भावाकडे या. तरीही जे जात नाही ते उरलेल्या लॉटमध्ये घाला किंवा दुकानदाराला ठोक द्या. या टप्प्यावर त्याचा कमी भाव परवडतो. बंद पडलेले कन्सोल आणि तुटके कंट्रोलर ‘सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहून विका. दुरुस्ती करणारे ते शोधतच असतात. परतीची मुदत संपेपर्यंत फोटो, व्हिडिओ आणि संभाषण पुसू नका, आणि पहिल्या टप्प्यात बाजूला ठेवलेलं ते तिसरं खोकं शेवटचं पार्सल पोचल्यावरच उघडा.